आर्क्टिकची तयारी घाटाखालच्या विहिरीवर

"ताई, आर्क्टिक मोहिमेला जायचं तर ट्रेनिंग काय असतं?" हा प्रश्न मला वर्षातून तीन-चार वेळा तरी येतो. विचारणारे बहुतेक आपल्याच जिल्ह्यातले. कोणी खामगावात एमएस्सी करतंय, कोणी मेहकरला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोणी नेट-सेटचे फॉर्म भरून बसलंय. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. "आपल्याकडे तशी थंडीच नाही, मग सवय कुठून होणार?"

आधीच सांगून टाकते, मी आर्क्टिकला गेलेली नाही. माझी पीएचडी भूजलावर आहे आणि माझी प्रयोगशाळा म्हणजे घाटाखालच्या विहिरी. पण मोजणीच्या पद्धती समजून घेण्यासाठी मला हिमनद्यांवरचे पेपरही वाचावे लागतात. ते वाचताना एक गोष्ट खटकत गेली. मोहिमेच्या तयारीबद्दल आपण बातम्यांत आणि व्हिडिओंत जे वाचतो-पाहतो, आणि पेपरच्या 'पद्धती' विभागात जे लिहिलेलं असतं, ती जणू दोन वेगळी कामं आहेत. आज त्या पहिल्या चित्राची जरा तपासणी करू. चित्र चुकलं की तयारी चुकते. आणि त्याहून वाईट म्हणजे अर्ज करण्याआधीच तुम्ही स्वतःला बाद करून टाकता.

बातमीत काय असतं, काय नसतं

आधी पार्श्वभूमी. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम ऑगस्ट 2007 मध्ये गेली. 1 जुलै 2008 रोजी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ऑलेसुंड या छोट्या वस्तीत 'हिमाद्री' हे आपलं केंद्र सुरू झालं. तिथून उत्तर ध्रुव साधारण 1200 किलोमीटर. या कामाची सूत्रं आपल्या शेजारच्या गोव्यातून हलतात, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. 2014 मध्ये तिथल्या काँग्सफियॉर्ड या खाडीत, सुमारे 192 मीटर खोल पाण्यात, 'इंडआर्क' ही वेधयंत्रणा सोडली गेली. डिसेंबर 2023 मध्ये पहिली हिवाळी मोहीम निघाली. त्यात पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थाही होती.

आता अशा मोहिमांच्या बातम्या आठवून पाहा. उणे किती अंश, कोट किती जाड, पांढऱ्या अस्वलाची भीती, झेंड्यासोबतचा फोटो. तिथे नेमकं काय मोजलं, कशाने मोजलं, किती वेळा मोजलं, हे सहसा शेवटच्या ओळीत, "हवामानबदलाचा अभ्यास करण्यात आला" एवढ्यावर उरकलेलं असतं. मोहीम म्हणजे सहनशक्तीची परीक्षा, हा या वर्णनांचा गाभा.

त्यात आणखी एक गल्लत होते. अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांना उत्तराखंडात औलीला, भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या संस्थेत बर्फावर चालण्याचं, दोराचं, भेगांतून सुटकेचं प्रशिक्षण मिळतं. तिथे ते हवंच, कारण काही जण तिथे वर्षभर राहतात आणि हिवाळ्यात परतीची वाट बंद असते. औलीचं तेच चित्र आपण उचलून आर्क्टिकवर चिकटवतो. पण नी-ऑलेसुंड ही वस्ती आहे. तिथे भोजनगृह आहे, धावपट्टी आहे, लाँगयिअरब्येनहून छोटं विमान येतं. जुलैतलं सरासरी तापमान 5 अंशांच्या आसपास असतं. निफाडच्या द्राक्षबागांनी याहून थंड पहाटा पाहिल्या आहेत.

याचा अर्थ तिथे धोका नाही, असा नाही. वारा आहे, गोठवणारं पाणी आहे, हिमनदीतल्या भेगा आहेत. पण "थंडीची सवय" ही काही प्रवेशाची अट नाही. मोहिमेसाठी आधी संशोधनाचे प्रस्ताव मागवले जातात. तुमचा प्रस्ताव तपासणारा तुम्ही पहाटे थंड पाण्याने आंघोळ करता का, हे विचारत नाही.

तिथे खरं काय शिकवतात

तिथले तीन नियम पाहू. हे तिन्ही उघड माहितीत आहेत, पण बातमीत आले तर गंमत म्हणून येतात.

पहिला, बंदूक. वस्तीबाहेर काम करणाऱ्यांना अस्वलापासून बचावाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यात बंदूकही आली. व्हिडिओत हा भाग हमखास असतो, नेम धरलेल्या पोजमध्ये. प्रत्यक्षात प्रशिक्षणाचा रोख बंदूक चालवावीच लागू नये याकडे आहे. लांबून पाहणी करायची, अस्वल दिसलं की मागे फिरायचं, आवाजाच्या आणि उजेडाच्या गोळ्यांनी हुसकायचं. मारणं हा अगदी शेवटचा उपाय, कारण स्वालबार्डमध्ये 1973 पासून अस्वलाला संरक्षण आहे. 2025 पासून त्याच्यापासून किमान 300 मीटर दूर राहायचा नियम आहे आणि 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर.

दुसरा, शांतता. नी-ऑलेसुंडमध्ये मोबाईल, वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. 20 किलोमीटरच्या परिघात 2 ते 32 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात काही प्रक्षेपित करायचं नाही. कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणी अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणारे क्षीण संकेत पकडून पृथ्वीची फिरण्याची स्थिती मोजतात. 2023 च्या हिवाळी मोहिमेत बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने तिथलं रेडिओ वातावरणच मोजलं. आता तुमच्यासाठी याचा अर्थ काय? तुमचा सेन्सर मोजमापं ब्लूटूथवरून फोनला पाठवत असेल, तर तो तिथे निकामी आहे. केबल हवी. प्रस्तावात हे सुटलं, तर वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही जागेचा अभ्यास केलेला नाही.

तिसरा, परवानगी. स्वालबार्डमध्ये संशोधन करायचं तर प्रकल्पाची नोंद एका सामाईक यादीत करायची आणि गव्हर्नरच्या कार्यालयाची परवानगी काढायची. इथे लोणारकडे पाहा. सरोवराचा परिसर 2000 पासून अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळ आहे. तिथून पाण्याची बाटली किंवा दगडाचा तुकडा उचलायचा तर वन विभागाची परवानगी लागते. कॉलेजच्या सहलीत "एक छोटा दगड घेतला तर काय होतं" म्हणणारे किती जण असतात, हे तुम्हाला माहीत आहे.

या तिन्हींत बर्फ कुठे आहे? तिन्ही ठिकाणी शिकवली जाते ती एकच सवय: आपल्या येण्याने त्या जागेत काय बदलतं, याचा हिशेब ठेवणं. आणि जीव वाचवण्याचं प्रशिक्षण थोड्या दिवसांचं असतं, ते जाणकार माणसं तिथे देतात. जे तिथे कोणी शिकवत नाही, ते म्हणजे मोजायचं कसं. ते तुम्हाला येतं, असं गृहीत धरलेलं असतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. जे तिथे शिकवलं जातं त्याची आपण इथे चिंता करत बसतो, आणि जे इथूनच शिकून जायचं असतं त्याचं नावही घेत नाही.

खुंटा आणि विहीर

हिमनदी वर्षात किती झिजली, हे कसं मोजतात? उपग्रह आहेत, रडार आहे. पण सगळ्यात जुना आणि अजूनही चालू असलेला उपाय म्हणजे खुंटा. बर्फात खोल भोक पाडून लांब दांडा रोवायचा. त्याचा किती भाग वर दिसतो, ते मोजायचं. उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा जाऊन मोजायचं. दांडा जास्त उघडा पडला असेल तर तेवढा बर्फ गेला. मग घनतेचा हिशेब: बर्फ पाण्याहून हलका, म्हणून 1 मीटर बर्फ गेला म्हणजे साधारण 0.9 मीटर पाणी गेलं. हिमाद्रीजवळच्या वेस्त्रे ब्रॉगरब्रेन या हिमनदीवर आपले संशोधक याच पद्धतीने मोजमापं घेत आले आहेत.

वाचायला सोपं आहे. आता प्रश्न विचारून पाहा. मोजलं कुठून कुठपर्यंत? दांड्याभोवती बर्फ वितळून खळगा झाला असेल तर खळग्याच्या तळापासून की काठापासून? दांडा कलला असेल तर? खाली रुतला असेल तर? वर ताजा बर्फ पडलेला असेल तर तो वेगळा मोजला का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वहीत नसेल, तर तो आकडा म्हणजे फक्त आकडा.

हे मला हिमनदीवर कळलं नाही. एमएस्सीच्या प्रकल्पात मी घाटाखालच्या बारा विहिरींची पाणीपातळी दर आठवड्याला मोजत होते. टेपला वजन बांधायचं, खाली सोडायचं, आकडा लिहायचा. एका विहिरीची पातळी आठवड्यात दोन-दोन मीटर वरखाली होत होती. मी खूश. बेसॉल्टच्या भेगांतून पाणी कसं खेळतं, यावर झकास परिच्छेद लिहून ठेवला. एक दिवस विहिरीचे मालक काका धुऱ्यावरून बघत होते. म्हणाले, "मोटर बंद होऊन किती येळ झाला, हे लिवता का बाप्पा तुम्ही?"

नव्हते लिहीत. मोटर चालू असताना घेतलेली मापं आणि रात्रभर विहीर भरल्यावरची मापं मी एकाच रकान्यात टाकली होती. वही उलटी चाळली तर आणखी एक घोळ निघाला. काही मापं कठड्याच्या वरून, काही जमिनीपासून. चार महिन्यांची मोजणी बाद झाली आणि तो झकास परिच्छेदही गेला. वेळ इतका कमी उरला होता की प्रकल्पाचा विषयच लहान करावा लागला. आम्हाला फील्डवर्क शिकवलं होतं ते एवढंच: टोपी घाला, पाणी न्या, रिपोर्टला फोटो जोडा. बातमीतल्या आर्क्टिकचीच ही घरगुती आवृत्ती.

दुसऱ्या दिवशी मी ऑइलपेंटचा डबा घेऊन गेले आणि प्रत्येक कठड्यावर एक लाल ठिपका काढला. तो माझा मापबिंदू. त्यानंतर जे मोजलं ते आजही माझ्या कामात वापरात आहे.

लोणारचे दोन धडे

तुम्ही म्हणाल, विहीर ठीक आहे, पण 'मोठं' विज्ञान? मग लोणारच घ्या. बेसॉल्टमध्ये उल्काघाताने झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर जगभरातले लोक अभ्यासायला येतात. त्याच्या वयाबद्दल तुम्ही बहुतेक ठिकाणी "52 हजार वर्षं" असं वाचलं असेल. तो आकडा हवेतून आलेला नाही. 1997 मध्ये आघातात तयार झालेल्या काचेवर थर्मोल्युमिनेसन्स पद्धत वापरून तो काढला गेला, 6 हजार वर्षं कमी-जास्त धरून. 2011 मध्ये वितळलेल्या दगडांवर आर्गॉन पद्धत वापरून दुसरा आकडा आला: सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं, 47 हजार कमी-जास्त.

दहापटीहून जास्त फरक, आणि दोघांच्या कमी-जास्तच्या सीमा एकमेकींच्या जवळपासही येत नाहीत. इथे कोणी खोटं बोललं का? नाही. 'कमी-जास्त'मध्ये फक्त त्याच चुका येतात ज्यांचा तुम्ही विचार केलेला असतो. काच नंतर पुन्हा तापली, किंवा तिच्यात साठलेला संकेत हळूहळू विरला, तर वय कमी दिसतं. मूळ बेसॉल्ट साधारण 6.5 कोटी वर्षांचा, त्यातला जुना आर्गॉन वितळलेल्या दगडात मागे राहिला तर वय फुगतं. 2011 च्या अभ्यासाने हा वारशाने आलेला आर्गॉन वेगळा काढून वय मांडलं, म्हणून संशोधक आज त्या आकड्याकडे झुकतात. पण ही तुलना आपण करू शकतो, कारण दोन्ही गटांनी नमुना कोणता, पद्धत कोणती, गृहीत काय, हे लिहून ठेवलं. ते नसतं तर आपल्याकडे फक्त दोन मतं असती.

दुसरा धडा 2020 चा. जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. फोटो फिरले आणि कारणंही फिरली, पाणी तपासायच्या आधीच. वन विभागाने नमुने घेतले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले. निष्कर्ष असा की, पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव, त्यांच्या गुलाबी रंगद्रव्यासह, फोफावले. यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रयोगशाळेत पाणी स्थिर ठेवल्यावर ते सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. म्हणजे बाटलीवर "नमुना नितळ" एवढंच लिहिणारा आणि "भरताना गुलाबी, इतक्या तासांनी नितळ" लिहिणारा, हे दोघे एकाच बाटलीबद्दल विरुद्ध गोष्टी सांगतील. दोघांच्या मधे आहे ती फक्त वेळेची नोंद.

आर्क्टिकच्या उन्हाळ्यात हीच वेळ हातातून सुटते. एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे "काल संध्याकाळी" या शब्दांना अर्थ राहत नाही. त्यात यंत्र जागतिक वेळेवर, तुमचं घड्याळ तिथल्या उन्हाळी वेळेवर, आणि लॅपटॉप अजून भारतीय वेळेवर, साडेतीन तास पुढे. वहीच्या पहिल्या पानावर कुठली वेळ वापरतोय हे लिहिलं नाही, तर तुमचा बर्फ तापमान वाढायच्या आधीच वितळलेला दिसेल.

विहीर काय शिकवत नाही

आता माझ्याच म्हणण्याची तपासणी. विहिरीवर सगळं शिकता येतं, असं म्हटलं तर मीही बातमीसारखीच अतिशयोक्ती करेन. जाड हातमोजे घालून झाकण उघडणं, थंडीत बॅटरी भराभर उतरणं, त्याच सहा माणसांसोबत आठवडे काढणं, हे विहिरीवर कळत नाही. सगळ्यात मोठा फरक म्हणजे पुन्हा जाता येणं. विहिरीवर माप चुकलं तर मी पुढच्या रविवारी एसटी पकडून जाते. तिथे विमान निघालं की ते वर्ष गेलं.

पण म्हणूनच चुका इथे करून घ्यायच्या. इथे एक चूक म्हणजे एसटीचं तिकीट आणि दिवसभराचं ऊन. तिथे तीच चूक म्हणजे लोकांच्या पैशातून झालेला अख्खा प्रवास. शिवाय टोकाचं हवामान आपल्याकडे नाही, हेही अर्धसत्यच. मे महिन्यात घाटाखाली दुपारी फोन तापून बंद पडतो, टेप हाताला चटका देते, घामाने शाईचे अक्षर फुटते. म्हणून मी पेन्सिलने लिहायला लागले. बर्फातही पेन्सिलच चालते, बॉलपेनची शाई गोठते.

मग करायचं काय

सहा महिने द्या. ओळखीची एक विहीर निवडा, मालकांना विचारून. कठडा नसलेल्या विहिरीवर जाऊ नका, आणि कुठल्याच विहिरीवर एकट्याने जाऊ नका. कुठे जातोय, कधी परत येणार, हे घरी सांगून निघा. हीसुद्धा मोहिमेचीच शिस्त आहे.

कठड्यावर मापबिंदू काढा आणि त्याची जमिनीपासूनची उंची पहिल्याच दिवशी लिहा. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा. प्रत्येक खेपेला माप तीनदा घ्या आणि तिन्ही आकडे लिहा, सरासरी नंतर. मोटर कधी बंद झाली, पाऊस कधी पडला, टेप कोणती, मोजणारा कोण, हे रकाने आधीच आखा. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नका, एक रेघ मारून शेजारी नवा लिहा. जुना आकडा वाचता आला पाहिजे.

मग खरी परीक्षा. सहा महिन्यांनी ती वही अशा मित्राला द्या ज्याने ती विहीर पाहिलेली नाही. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. त्याने फक्त वहीवरून आलेख काढायचा, आणि कुठलं माप विश्वासाचं नाही हेही सांगायचं. तो जिथे अडेल, तिथे तुमचं प्रशिक्षण अपुरं आहे.

तो कुठेच अडला नाही, तर प्रस्ताव लिहायला घ्या. त्यात "मला थंडीची सवय नाही" हे लिहायला कुठेही जागा नसते. "पद्धती" लिहायला मात्र पानंच्या पानं असतात, आणि तिथे काय लिहायचं हे तुम्हाला तोवर कळलेलं असेल.

माझ्या त्या विहिरीवरचा लाल ठिपका आता फिका पडलाय. या दिवाळीत पुन्हा रंगवायचा आहे, त्याच जागी, मोजून.